सवतीचा आवाज

चष्मेवाल्याला मित्र थोडे आणि मतं फार. दुकान रस्त्याच्या कोपऱ्यावर, घर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवायचे, वाकड्या दांड्या सरळ करायच्या, डोळ्यांपुढे एकामागून एक भिंगं धरून विचारायचं, "हे बरं दिसतं, की हे?" गिऱ्हाईक गोंधळून म्हणायचं, "पहिलं परत लावा बघू." तो न कंटाळता पहिलं परत लावायचा. असा सोशीक माणूस आसपासच्या चार रस्त्यांत नव्हता. फक्त हा सोशीकपणा संध्याकाळी दुकानाच्या शटरबरोबर खाली यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटरबरोबरच वर जायचा.

संध्याकाळ मागच्या खोलीची. एकेकाळी तिथे जुन्या गाद्या आणि मोडका पंखा असायचा. आता भिंतीला लागून माणसाच्या उंचीचं एक लाकडी कपाट होतं, पण त्याला दारं नव्हती. दारांच्या जागी खालपासून वरपर्यंत पत्र्याचे लहानमोठे डबे बसवलेले, त्यांच्यावर गोल बटणं, मिणमिणते दिवे आणि शेकडो भोकं. हा त्याचा मोड्युलर सिंथेसायझर. सिंथेसायझर म्हटलं की लोकांना काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा कीबोर्ड आठवतो, आणि तसं कुणी म्हटलं की चष्मेवाल्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. कीबोर्ड म्हणजे बांधून मिळणारं घर; इथे विटा आपण रचायच्या. एक डबा नुसता सूर काढतो, दुसरा तो सूर गाळतो, तिसरा लहानमोठा करतो, चौथा ठरवतो की हे सगळं केव्हा घडायचं. कुणी कुणाशी बोलायचं, ते आपण केबली लावून ठरवायचं. केबलींची जशी जुळणी, तसा आवाज. केबली उपटल्या की तो आवाज गेला. पुन्हा तशाच लावल्या तरी बटण केसभर हललेलं असतं आणि गेलेला आवाज साधारण त्याच्या चुलतभावासारखा होऊन परत येतो.

कपाटाखाली एका टेबलावर "म्हातारा" बसलेला असे. हा एक जुना, लाकडी कडांचा सिंथेसायझर, चष्मेवाल्यापेक्षा वयानं मोठा, कुठल्याशा नाचघरातल्या बँडमधून निवृत्त झालेला. त्याला चालू केल्यावर तापायलाच अर्धा तास लागायचा, आणि तापेपर्यंत तो सुरात राहायचा नाही. चष्मेवाला चष्म्याचे बारीक स्क्रू पिळायचा तोच पेचकस घेऊन म्हाताऱ्याच्या पाठीमागे खुडबुडायचा आणि समोरच्या, सूर मोजणाऱ्या छोट्या पडद्यावर हिरवी रेघ सरळ झाली की समाधानानं मान हलवायचा. कानांपेक्षा त्याचा त्या रेघेवर जास्त विश्वास होता.

बायको या सगळ्याला "माझी सवत" म्हणायची. पाहुणे आले की ती चहाचा ट्रे ठेवता ठेवता सांगायची, "आमचे हे आत असतात, माझ्या सवतीजवळ." पाहुणे हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं चष्मेवाला हसायचा. विनोद छान होता, आणि त्याला वाटायचं, तो फक्त विनोदच आहे.

ती घरीच शिवणकाम करायची. गणवेशांच्या दुकानातून गठ्ठे यायचे, नर्सांचे झगे, शाळेच्या पँटी. ती काखा सैल करायची, शिलाया उसवायची, दुमडी घालायची. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन खडखडायचं ते सबंध मजल्याला ऐकू जायचं. मागच्या खोलीतून मात्र कधी काही ऐकू येत नसे, कारण चष्मेवाला कानांवर हेडफोन चढवून बसायचा. त्याचं कारण तो विचारणाऱ्याला सांगायचा आणि न विचारणाऱ्यालाही सांगायचा. मुलगी तान्ही असताना, सिंथेसायझर नवा नवा होता तेव्हा, बायकोनं आवाज बंद करायला लावला होता. "कलाकाराच्या घरात असं चालायचंच," असं म्हणून तो सुस्कारा टाकायचा. मुलगी आता दूर वसतिगृहात राहून शिकत होती, घरात झोपमोड व्हायला कुणी उरलं नव्हतं, तरी हेडफोन खाली उतरले नव्हते. इतकी वर्षं जपलेला राग असा सहज सोडवत नाही माणसाला.

आता साडू.

बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. घरांचा दलाल. छाती भरदार, आवाज खणखणीत, आणि बोलणं असं की, रिकाम्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाला तिथे आपली खाट दिसू लागावी. त्याचा धंद्याचा एक नियम होता, तो नियम साडू सगळ्यांना फुकट वाटायचा: "घर दाखवायला नेलं ना, की आधी खिडक्या उघडायच्या. बाकी सगळं नंतर. वारा आत आला की पोपड्यांकडे बघतो कोण?"

चष्मेवाला साडूवर जळायचा. हे आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. सासरे साडूच्या विनोदांवर हसायचे आणि चष्मेवाल्याच्या विनोदांवर "अच्छा" म्हणायचे. मुलगी लहानपणी साडूच्या खांद्यावर चढायची. एकदा तर शेजाऱ्यांचं मांजर, जे चष्मेवाल्याला पाहून जिन्याखाली पळायचं, ते साडूच्या पायांत घोटाळलं होतं. चष्मेवाल्यानं ते सगळं गिळलं, कारण एक गोष्ट साडूकडे नव्हती. साडूकडे असलं मशीन नव्हतं. मागच्या खोलीत तो एकदा डोकावला होता आणि "बाप रे, हे टेलिफोन एक्स्चेंज कधी सुरू केलंस?" म्हणून निघून गेला होता. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणून चष्मेवाल्यानं दार लोटून घेतलं होतं.

त्या महिन्यात ताई, म्हणजे साडूची बायको, दूर लेकीकडे राहायला गेली होती. म्हणून साडू दर रविवारी मेहुणीच्या हातचं जेवायला यायचा. असाच एका रविवारी तो आला, स्वयंपाक व्हायचा होता, आणि तेवढ्यात खालून हाक आली. एका म्हाताऱ्या बाईंनी चष्म्यावर बसून त्याची दांडी मोडून घेतली होती. चष्मेवाला खाली गेला. दुकान उघडून दांडी जोडेपर्यंत बाईंनी आपल्या तिन्ही सुनांचा इतिहास सांगितला. तो जिना चढू लागला तेव्हा त्याला आवाज ऐकू आला.

आधी त्याला वाटलं, शेजारी कुणीतरी काहीतरी लावलंय. मग कळलं, आपल्याच घरातून येतोय. खोल, संथ, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा वरखाली होणारा आवाज. दर वेळी खाली आला की जरा थबकायचा आणि वेगळ्याच सुरानं वर जायचा. एकदा झालं ते पुन्हा होत नव्हतं, पण अनोळखीही वाटत नव्हतं. तो धावतच आत गेला.

मागच्या खोलीचं दार सताड उघडं. साडू खुर्चीवर मांडी घालून बसलेला. त्यानं हेडफोनची वायर उपसून टाकली होती आणि कोपऱ्यात कित्येक वर्षं नुसतेच पडून असलेले दोन स्पीकर जोडले होते. केबली हव्या तशा खुपसल्या होत्या. आणि दारात, ओले हात पुसायचं विसरून, बायको उभी होती.

"अहो, मला वाटलं तुम्हीच वाजवताय!" ती वळून म्हणाली. तिचा चेहरा उजळलेला होता. "म्हणून तर धावत आले. बघते तर भावोजी!"

मला वाटलं तुम्हीच. हे वाक्य चष्मेवाल्याच्या छातीत जे रुतलं ते नंतर महिनाभर निघालं नाही.

"साडूभाऊ, मी फक्त भोकं बुजवली रे," साडू हसत म्हणाला. "रिकामं भोक दिसलं की मला राहवत नाही."

चष्मेवाल्यानं केबली बघितल्या आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. साडूनं शेवटच्या डब्यातून निघणारा आवाज स्पीकरला दिला होता तो दिलाच, पण त्याचाच एक फाटा मागे नेऊन पहिल्या डब्याच्या तोंडात घातला होता. मशीन स्वतःचीच शेपटी गिळत होतं. हे कुणी करत नाही. असं केलं की मशीन किंचाळतं, हे पहिल्याच महिन्यात शिकवतात. फक्त साडूला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मधला एक गाळणीचा डबा नेमका इतका आवळलेला राहिला होता की मशीन किंचाळायच्या ऐवजी श्वास घेऊ लागलं होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, तसं. पण फांदी तुटलेली सगळ्यांनी पाहिली होती, आणि कावळा खुर्चीत बसून हसत होता.

"असं लावायचं नसतं," चष्मेवाला म्हणाला.

"पण छान वाटतंय की," बायको म्हणाली. "हे असंच राहू द्या ना. ताई परत आली की तिला ऐकवू."

"तोवर मी मशीनला हात लावायचा नाही?"

"थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे हो."

साडू जेवता जेवता म्हणाला, "फोटो काढून ठेव रे केबलींचा. उगाच काही हललं तर?" चष्मेवाल्यानं मान डोलावली आणि फोटो काढला नाही. असल्या आवाजाचा फोटो आपल्या फोनमध्ये! तेवढी जागाच नव्हती फोनमध्ये.

झालं. आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला, आणि बिळाच्या मालकानं बाहेर उकिडवं बसायचं. वर्षानुवर्षं एकेक डबा जमवलेला, एकेक बटण स्वतःच्या हातानं बसवलेलं, आणि त्यात राहायला दुसऱ्याचा आवाज. रोज संध्याकाळी शटर खाली ओढून तो वर यायचा, तर बायको विचारायची, "भावोजींचं लावता ना?"

भावोजींचं लावता ना! तो वीज चालू करायचा, एखाद्या खानावळीतल्या वाढप्यासारखा बाजूला उभा राहायचा, आणि आवाज हळूहळू खोलीत भरायचा.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बायको स्टूल घेऊन आत आली. शिलाई मशीनवरचं काम तिनं सकाळी उरकलेलं असायचं. संध्याकाळचं हातशिलाईचं काम ती मांडीवर घेऊन बसली, नर्सांच्या झग्यांची दुमडी, आणि सुई चालवता चालवता ऐकत राहिली. ती एकटक कुठेच बघत नव्हती. कधी आवाज खाली येऊन थबकायचा तेव्हा तिची सुईही थबकायची. चष्मेवाला हे पाहत होता. ही खोली झाल्यापासून ती आत येऊन बसावी, अशी त्याची इच्छा होती. कधी बोलून दाखवली नव्हती, पण होती. ती आता पुरी झाली होती, आणि ती साडूनं पुरी केली होती. याहून वाईट असं दुसरं काय करणार होता साडू?

रात्री जेवताना ती गुणगुणायची. तो विचारायचा, "हे काय?" ती म्हणायची, "काही नाही, भावोजींचं." शेजारीण आली तर तिला दारातूनच ऐकवायची. साडूचा मधेच फोन आला की, "तुमचं बाळ मजेत आहे हो," असं सांगायची. चष्मेवाला पानावरून लवकर उठायचा.

त्यातला सर्वांत मोठा छळ वेगळाच होता. साडूच्या त्या जुळणीत एक केबल म्हाताऱ्याला लावलेली होती, आणि म्हातारा रोज वेगळ्या सुरात उठायचा. उन्हाचा दिवस असला तर चढा, ढगाळ असला तर उतरलेला. नुसतं वीज चालू करून सोडलं असतं तर चार दिवसांत तो आवाज बिघडून कंठ फुटलेल्या पोरासारखा झाला असता. चष्मेवाल्याला हे ठाऊक होतं. त्याला फक्त काही न करता गप्प बसायचं होतं, की सुंठीवाचून खोकला जाणार होता. पण ती स्टूल घेऊन आली त्या पहिल्याच दिवशी म्हातारा जरा चढा लागला आणि बायकोनं सुई थांबवून भुवया आवळल्या. त्या भुवया त्याला बघवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तो दुकान जरा आधी बंद करून वर यायचा, ती बाजारात असतानाच म्हातारा तापवून ठेवायचा, आणि तो बारीक पेचकस घेऊन साडूचा आवाज साडूच्या जागी नेऊन बसवायचा. दात-ओठ खात, पण अगदी नीट. स्क्रू पिळताना शिव्या द्यायचा आणि शिव्या देता देता केसभर मागे घ्यायचा.

महिना सरत आला. ताई रविवारी येणार असं ठरलं. शनिवारी दुपारी साडूचा फोन आला.

"काय साडूभाऊ, जिवंत आहे ना माझं काम?"

"आहे."

"वा! उद्या बायको ऐकेल. आणि ऐक, मी म्हणतो, आपणही घ्यावं असलं एक मशीन. वेळ बरा जातो. आणि तू बाऊ करतोस तेवढं काही नाही त्यात. सोपं आहे की!"

सोपं आहे की. चष्मेवाल्यानं फोन ठेवला. बायको गणवेशांचा गठ्ठा पोचवायला गेली होती. तो मागच्या खोलीत गेला, मशीनसमोर उभा राहिला, आणि दोन्ही हातांनी केबली उपटल्या. एकेक नाही, मुठीमुठीनं. तण उपटावं तशा. आवाज एकदा गुरगुरला, एकदा शिट्टी वाजवल्यासारखा झाला आणि गेला.

काय शांत वाटलं त्याला! स्वयंपाकघरात जाऊन तो गार पाणी प्यायला. ग्लास पालथा घालून तो परत आला, आणि त्याची नजर स्टुलावर गेली. स्टुलावर तिची सुई टोचलेली उशी होती, शिवताना बोटात घालायची टोपी होती, अर्धी दुमड घातलेला पांढरा झगा होता. संध्याकाळी ती येणार. "भावोजींचं लावता ना?" म्हणणार. आणि नाही म्हटलं की स्टूल उचलून पुढच्या खोलीत नेणार. वीज गेली होती, उंदरानं केबल कुरतडली, असली दोन-तीन खोटी कारणं त्यानं मनात जुळवली. कारण कुठलंही दिलं तरी स्टूल जाणारच होतं.

तो केबली गोळा करून परत लावायला बसला. फोटो नव्हता, पण फोटोची गरज पडली नाही. मत्सर करणाऱ्याइतकं बारीक कुणी बघत नाही. कुठली पिवळी कुठून निघून कुठे गेली होती, कुठल्या लालला पीळ पडला होता, सगळं त्याला तोंडपाठ होतं. सगळ्या केबली जागच्या जागी गेल्या. वीज दिली. मशीन किंचाळलं.

बटणं हलली होती. पडद्यावर हिरवी रेघ धुमाकूळ घालत होती. तिच्यात बघून काही कळेना, कारण असल्या चुकीच्या जुळणीत सरळ रेघ कशाला म्हणायचं हेच कुणाला माहीत नव्हतं. शेवटी त्यानं पडदा बंद केला, डोळे मिटले आणि स्पीकर चालू ठेवून नुसत्या कानांनी शोधत बसला. आठवत काय होतं? आवाज किती खाली आला की तिची सुई थबकायची, ते. वर जाताना ती कुठे श्वास सोडायची, ते. तेवढ्याच खुणा धरून तो चाचपडत गेला. आवाज सापडला, पण तोच नाही. जरा खालचा, जरा सावकाश, आणि थबकायचा तो थोडा जास्तच थबकायचा. त्याला वाटलं, साधारण आहे. चालून जाईल.

त्या संध्याकाळी बायको उशिरा आली, थकली होती, आत आलीच नाही. रविवारी साडू आणि ताई आले. ताई म्हणजे बायकोचीच जरा ठळक छापलेली प्रत. सगळे मागच्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले, बायको आपल्या स्टुलावर बसली, हातात झगा घेतला. चष्मेवाल्यानं वीज दिली.

आवाज भरत गेला. ताईनं मंगळसूत्र मुठीत धरलं होतं, ते सोडायचं विसरली. संपल्यावर, म्हणजे चष्मेवाल्यानं बंद केल्यावर, ती नवऱ्याकडे वळली आणि तिचे डोळे भरून आले होते.

"अहो, हे तुम्ही केलं?"

"मग!" साडूनं छाती फुगवली. "मी म्हटलं नव्हतं? नुसतं बसलो आणि झालं."

"इतक्या वर्षांत मला कळलं नाही, तुमच्यात हे आहे म्हणून."

"मलाच कुठे माहीत होतं?" साडू म्हणाला, आणि बिचारा खरंच भारावला होता. त्याला काडीचाही फरक ऐकू आला नव्हता.

चष्मेवाला भिंतीला टेकून उभा होता. हे माझं आहे, असं म्हणावं तर लगेच प्रश्न येणार, मग त्यांचं कुठे गेलं? न म्हणावं तर आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या डोळ्यांत पाणी आणलं ते साडूच्या खात्यावर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं झग्यावरून मान वर केली, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "चला, पानं घेते."

जेवणं झाली. साडूनं जाता जाता चष्मेवाल्याची पाठ थोपटली, "नीट सांभाळलंस हो," म्हणाला. दार लागलं. बायको भांडी आवरून, हात पुसत, मागच्या खोलीत आली आणि स्टुलावर बसली. या वेळी मांडीवर काही शिवण नव्हतं.

"आजचं भावोजींचं नव्हतं," ती म्हणाली.

चष्मेवाला पेचकस खणात ठेवू लागला.

"रोज ऐकते मी. आजचं दुसरं होतं. त्यांचं काय झालं?"

"उपटलं," तो म्हणाला. "काल. मी उपटलं."

"का?"

"का म्हणजे? जळलो म्हणून!" एवढ्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. "मी इतकी वर्षं बसतोय इथे. एकदा तरी आलीस आत? एकदा? आणि तो येतो, भोकं बुजवतो, आणि तू स्टूल घेऊन येतेस! रोज! भावोजींचं लावा, भावोजींचं लावा! माझं कधी म्हणालीस, लावा म्हणून?"

बायको उठली. खिळ्याला टांगलेले हेडफोन तिनं काढले आणि त्याच्यापुढे धरले.

"ऐकू आलं म्हणून आले मी," ती म्हणाली. "भावोजींनी हे उपसून टाकलं म्हणून ऐकू आलं. मी यायचे की इतकी वर्षं. तुमच्या पाठीमागे येऊन उभी राहायचे. काय ऐकू यायचं मला, माहितेय? टक्, टक्. बटणांचं. तुम्ही मान डोलवत असायचात आणि मला नुसतं टक्, टक्. मग मी जायचे परत."

"तूच बंद करायला लावलंस. मुलगी तान्ही होती तेव्हा."

"अहो, हळू करा म्हटलं होतं मी. पोर झोपली होती म्हणून. बंद करा कधी म्हटलं?"

चष्मेवाल्यानं आठवायचा प्रयत्न केला. तान्ह्या मुलीचं दुपटं आठवलं, दारात उभी असलेली बायको आठवली, आणि तिचे शब्द, ते खरंच तेवढेच होते. बाकीचे त्यानंच वर्षानुवर्षं त्यांना जोडले होते.

"तुम्हाला महिनाभरात केबली उपटाव्याशा वाटल्या," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि ती हसतही नव्हती. "मला रोज वाटायचं. रोज. सवत सवत म्हणत होते, ते काय गंमत म्हणून? तुम्ही दुकानात असलात की मी झाडायला यायचे इथे, आणि हात शिवशिवायचे माझे. पण कधी लावला का मी हात? सांगा. एक केबल तरी कधी हलली का तुमची?"

एकही हलली नव्हती. त्यानं विचार केला तर, कपाटावर कधी धूळही नसायची. ती केबलींच्या जंजाळातून, एकीलाही धक्का न लावता, रोज फडकं फिरवत आली होती. त्यानं ते आजपर्यंत पाहिलंच नव्हतं, आणि आता पाहिलं तर त्याला मान वर करवेना.

त्यानं हात पुढे केला, तिच्या हातातले हेडफोन घेतले आणि खालच्या खणात टाकले. मग मशीनवरच्या सगळ्या केबली काढल्या. आज एकेक करून. भरलेलं कपाट नुसत्या भोकांचं झालं. त्यानं एकच केबल घेतली, पहिल्या डब्यातून काढली आणि सरळ स्पीकरला दिली. एकच साधा सूर निघाला, काही न सजवलेला. तो ऐकून त्याला दरदरून घाम आला. हेडफोनमध्ये कुणी ऐकत नव्हतं, तेव्हा असा घाम कधी आला नव्हता.

ती स्टुलावर बसली होती. हात मांडीवर.

त्यानं बटण थोडं फिरवलं. सूर जरा खाली आला. मग जे वाक्य तो रोज दुकानात बोलायचा तेच बोलला.

"हे बरं वाटतं, की हे?"

बायकोनं डोळे मिटले, मान थोडी तिरकी केली.

"पहिलं परत लावा बघू," ती म्हणाली.

त्यानं बटण उलटं फिरवलं, जितकं तंतोतंत मागे नेता येईल तितकं, आणि थांबला.